वाण नाही, पण गुण

काचेपलीकडे मनी हात धूत होती आणि काकूला क्षणभर पायाखालची फरशी हलल्यासारखी वाटली. तसं काहीच घडलं नव्हतं. मनीनं हनुवटीनं बाही कोपराच्या वर सारली, नळाचा लांब दांडा कोपरानंच दाबला, एकेक बोट दुसऱ्या मुठीत धरून पिळल्यासारखं धुतलं, मग दोन्ही हात बेसिनमध्ये अगदी खाली नेऊन दोनदा झटकले आणि मनगटाच्या मागच्या बाजूनं कपाळावरची बट मागे लोटली. झालं, एवढंच. पण हे सगळं काकूचं होतं. हनुवटीपासून बटेपर्यंत, मधली एकही पायरी न गाळता. प्रयोगशाळेतली नवी पोरं तिच्या पाठीमागे नक्कल करायची ती हीच. तिनं एकदा दाराच्या काचेत ती पाहिली होती आणि हसून सोडून दिली होती. मनी मात्र नक्कल करत नव्हती. काकू बाहेर उभी आहे याचा तिला पत्ताही नव्हता. दिवस भरायच्या कितीतरी आधी जन्मलेलं, मुठीत मावेल एवढ्या डोक्याचं आपलं पोर त्या काचेच्या पेटीत आहे आणि त्याला हात लावण्याआधी आपले हात स्वच्छ हवेत, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं. ते हात कुणाच्या पद्धतीनं धुतले जाताहेत हे तिच्या गावीही नव्हतं. काकूला हसू आलं, आणि त्या हसण्यापाठोपाठ रडूही येऊ लागलं. ती रडूबाई नव्हती. म्हणून तिनं खोकून घेतलं आणि जिना उतरून रुग्णालयातल्या आपल्या प्रयोगशाळेकडे निघाली.

मनी दिसायला आईवर गेली होती. नाक, रंग, हसताना एका गालावर पडणारी खळी, सगळं त्या बाईचं, जिला काकूनं वरच्या मजल्यावरची शेजारीण म्हणून ओळखलं होतं आणि जिच्या आजारपणात तिनं मनीला शाळेतून आणायचं काम अंगावर घेतलं होतं. त्या वेळेपासून ती काकू. पुढे त्या बाई गेल्या, वर्षं गेली, आणि एक दिवस मनीच्या बाबांनी चहाचा कप खाली ठेवत, जणू दिव्याचं बिल भरायचं राहिलंय अशा आवाजात, लग्नाचं विचारलं. तिनं हो म्हटलं. घर बदललं, मजला बदलला, हाक बदलली नाही. दुकानात कुणी म्हणालं, 'आईला विचार हं बाळा,' की मनी तिथल्या तिथे सांगायची, 'आई नाही, काकू आहे.' आवाजात राग नसायचा. गणितातली चूक दाखवावी तशी ती दाखवायची. पुढे पुढे काकूच आधी सांगून टाकू लागली, म्हणजे पोरीला तोंड उघडायला नको. नातेवाइकांच्या घोळक्यात कुणीतरी हटकून म्हणायचं, 'काय बाई, हुबेहूब आईवर गेलीय,' आणि मग एकदम गप्प होऊन काकूकडे पाहायचं. काकू म्हणायची, 'गेलीच आहे. डोळे उघडे असले की दिसतं.' ती मनापासून तसं म्हणायची. आपल्याला कुणी कमी लेखेल ही भीती तिला कधी वाटलीच नाही. तो तिचा स्वभावच नव्हता. पण आपल्यातलं काही त्या पोरीत उतरलं असेल का, हा प्रश्न तिनं मनाच्या अडगळीत अशा जागी ठेवला होता की झाडतानाही तो हाताला लागू नये. आज तो बेसिनपाशी सापडला होता.

प्रयोगशाळेत तिची सहायिका दोन थाळ्या घेऊन उभीच होती. काचेच्या चपट्या थाळीत जंतूंचा थर वाढवायचा, त्यावर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पाहायचं. ज्या टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ पडलं ते औषध चाललं. जिच्याभोवती जंतू अगदी कडेपर्यंत येऊन बसले, ते गेलं. आता हे काम यंत्रं करतात, आकडे छापून देतात. काकू यंत्राचं ऐकून घ्यायची आणि थाळी लावायचीच. 'यंत्राला आकडा कळतो, चेहरा कळत नाही,' असं ती म्हणायची, आणि पोरं डोळे फिरवायची. आजच्या दोन थाळ्या वरच्या बाळांच्या खोलीतल्या दोन आजारी बाळांच्या होत्या. त्यांत मनीचं बाळ नव्हतं. पहिलं बाळ कसंबसं सावरत होतं, दुसऱ्याचं खरं नव्हतं. दोघांच्या रक्तात जंतू निघाले होते, पण वेगळ्या जातीचे. एकाचा थर लाळेसारखा चिकट, दुसऱ्याचा कोरडा आणि करडा. परवाच्या बैठकीत बाळांचे मोठे डॉक्टर म्हणाले होते, 'दोन जंतू, दोन वाटा. साथ असती तर एकच जंतू दोघांत सापडला असता. हा दुर्दैवी योगायोग आहे.' पुस्तकात तसंच आहे, म्हणून सगळ्यांनी मानही हलवली होती.

"मॅडम, हे जुळलंय का, की मलाच तसं वाटतंय?" सहायिकेनं विचारलं.

काकूनं दोन्ही थाळ्या खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या. जंतू वेगळे होते, चेहरा एकच होता. त्याच टिकल्या फुकट गेल्या होत्या, अगदी शेवटचं म्हणून राखून ठेवलेल्या औषधाचीसुद्धा. आणि एका वर्तुळाची कड शेजारच्या टिकलीकडे किंचित ओढली गेली होती. दोन्ही थाळ्यांत तीच कड, तशीच ओढलेली. दोन अनोळखी माणसं एकाच ठिकाणी सारखीच लंगडावीत तसं. तिच्या डोक्यात लगेच उजेड पडला, तसा तो नेहमीच पडायचा, आणि त्या उजेडाचा तिला थोडा गर्वही होता. जंतू फिरत नव्हताच. फिरत होता तो जनुक. पोटच्या पोरांना वारसा देऊन जंतूंचं भागत नाही. त्यांच्याजवळ मुख्य गुंडाळीपासून वेगळी अशी जनुकांची छोटी छोटी कडी असतात, आणि शेजारी कुणीही येवो, आपल्या जातीचा की परका, एक बारीक नळी लावून ते कड्याची नक्कल त्याच्या हवाली करतात. काही जनुक तर त्याहून उनाड. एका जागचे सुटून दुसरीकडे उडी मारून बसतात, गुंडाळीतून कड्यावर, कड्यावरून पुन्हा कुठेतरी. औषधाला पुरून उरायची विद्या अशाच एखाद्या कड्यावर बसून हिंडते. बैठकीतले लोक चोर ओळखायला चेहरे पाहत बसले होते, आणि इथे किल्लीच या हातातून त्या हातात चालली होती.

पण मग त्या दोन जंतूंची गाठ कुठे पडली? बाळं तर वेगवेगळ्या पेट्यांत, एक या भिंतीला, दुसरं त्या. काकूनं डोळे मिटले. कुठलीही खोली ती अशीच पाहायची, डोळे मिटून, दारापासून उजवीकडे. दाराशी जोडे ठेवायची फळी, मग अंगरख्यांच्या खुंट्या, मग पेट्या, मग औषधं भरायचा ओटा, आणि ओट्याला लागूनच बेसिन. खोलीतलं एकुलतं एक. त्यात सगळे हात धुतात. आणि मध्यंतरी एकदा ती काचेबाहेर उभी असताना मोठ्या सिस्टरनी सुईच्या नळीत उरलेलं औषध त्याच बेसिनमध्ये सोडलं होतं, अगदी जपून, एक थेंब बाहेर न सांडता. पाठोपाठ बाळाच्या वाटीतलं उरलेलं दूध. तेव्हा तिला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, फक्त टापटीप दिसली होती. खाली त्या वाकड्या नळीत पाणी कायम साचलेलं. तिथे जंतूंना औषध मिळतं ते चाटण्यापुरतं. मरतील ते मरतात, पण सोसतील ते पक्के होतात, आणि वर त्यांना दूध. चोराला पहाऱ्याची सवय करून द्यायची आणि वर जेवायलाही वाढायचं, अशातली गत. नळ जोरात सोडला की नळीच्या तोंडातून शिंतोडे वर उडतात, वीतभर, कधी हातभर. हात जितका खाली नेऊन धुवावा तितका तो त्या तोंडाच्या जवळ. जितका जास्त वेळ धुवावा, तितके जास्त शिंतोडे.

आणि मग तिला पुन्हा ते हात दिसले. बेसिनमध्ये अगदी खाली गेलेले, सावकाश, एकेक बोट पिळत, दोनदा झटकलेले. घटकाभरापूर्वी तेच पाहून तिला हसू आलं होतं. त्या खोलीत सगळ्यात नेटानं हात कोण धुतं? मनी. तिला ते शिकवलं कुणी? शाळेतून आल्यावर दारातच अडवून, 'कोपरापर्यंत, आणि खाली धर, अंगावर शिंतोडे नकोत,' असं रोज कोण म्हणायचं? आपल्यातलं काही या पोरीत उतरलं का, हे विचारायची तिनं कधी हिंमत केली नव्हती. आणि उतरलं होतं ते हे. तिनं थाळ्या खाली ठेवल्या. सहायिकेला सांगितलं, "सगळ्या बाळांचे नमुने घ्यायची तयारी कर. नळाच्या दुरुस्तीवाल्याला बोलाव, हत्यारं घेऊन." आणि ती जिना चढू लागली. गुडघे कुरकुरले, तिनं लक्ष दिलं नाही.

मोठे डॉक्टर खोलीबाहेरच भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईला घाबरणारा होता. "तुमचा तर्क छान आहे, पण पुरावा? थाळीवरच्या एका वाकड्या कडेवरून मी खोली बंद करू? ही एवढाली बाळं हलवायची म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे."

"खोली बंद करू नका. बेसिन बंद करा. पुरावा उद्या देते. जंतू वाढायला वेळ घेतात, ते आपल्या घाईला भीक घालत नाहीत."

"आणि तुम्ही चुकलात तर?"

"तर एक बेसिन उगाच उखडलं, एवढंच. नाचक्की माझी. मी तुमच्या जागी असते आणि हा तर्क बरोबर निघाला असता, तर मात्र उद्यापर्यंत थांबणं मला आयुष्यभर छळत राहिलं असतं."

डॉक्टरांनी काचेतून आत पाहिलं. "तुमचा नातू आत आहे म्हणून तर..."

"माझा नातू आत आहे म्हणूनच मी आज पळत आले," काकू म्हणाली. "एरवी चालत आले असते. पण आले असतेच." ते हसले आणि बाजूला झाले. आत बेसिनपाशी काकूनं मोठ्या सिस्टरना तेच सांगितलं, पण त्या हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "मॅडम, या इमारतीत याच्याइतकं स्वच्छ बेसिन दाखवा. मी स्वतः उभी राहून घासून घेते. उरलेलं औषधसुद्धा वाया जाऊ देत नाही, यातच ओतते. म्हटलं, जंतू मारायचंच औषध आहे, तेवढीच आतली नळी स्वच्छ राहील." बोलता बोलता त्यांनी काकूचा चेहरा पाहिला आणि त्या थांबल्या. काकूला त्यांची खरोखर कणव आली. निष्काळजी माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती. त्यानं औषध कुठेही फेकलं असतं. एवढी चूक करायला एवढी काळजी लागते. तिनं सिस्टरच्या दंडाला हात लावला. "सिस्टर, ढवळ्याशेजारी पवळा बांधला, वाण नाही पण गुण लागला, म्हणतात ना? तेच झालंय. नळीत कुणीतरी एक ढवळ्या आहे, आणि त्याच्या शेजारी जो जो बांधला जातोय त्याला गुण लागतोय. तुम्ही बांधला नाहीत. गोठा तेवढा आपणच दिला, सगळ्यांनी मिळून." सिस्टरनी नाक पुसलं आणि नळावर आडवी पट्टी चिकटवायला त्या स्वतःच पुढे झाल्या.

मनी त्याच वेळी बाहेरून आली, हनुवटीनं बाही सारतच. काकू तिच्या आणि बेसिनच्या मधे उभी राहिली. "हात धुऊ नकोस."

"काय?"

"त्या बेसिनमध्ये नको. इथे बाटली ठेवलीय, त्यातलं चोळ. पाणी नको."

"तू बरी आहेस ना? तू मला हात धुऊ नको म्हणतेस? लहानपणी पाणी प्यायचं असलं तरी दारात अडवायचीस." मनी हसत होती, पण काकूच्या चेहऱ्यावर हसू नाही हे पाहून तिचं हसू विरत गेलं. काकूनं लपवलं नाही. लपवाछपवी तिला जमत नव्हती आणि मनीला ती कळलीच असती. तिनं नळी, दूध, औषध, शिंतोडे, सगळं सरळ सांगितलं. मनीनं ऐकलं आणि आपले दोन्ही हात असे समोर धरले, जणू ते दुसऱ्याच कुणाचे आहेत. "म्हणजे मी जेवढे जास्त वेळ धुतले..."

"हो."

"खाली धरून, एकेक बोट. तू करतेस तसेच केले ना मी. रोज. मला वाटलं, काकूसारखे धुतले की याला काही होणार नाही."

काकूला हे ठाऊकच नव्हतं. तिला वाटलं होतं की ती सवय पोरीत नकळत झिरपली असेल. पण पोरीनं ती घेतली होती, जाणूनबुजून, सगळ्यात मोठ्या भीतीच्या वेळी, हाताशी असलेल्या सगळ्या गोष्टींतून निवडून. आणि निवडली ती नेमकी ही. "माझं चुकलं नाही आणि तुझंही नाही," शेवटी ती म्हणाली, जरा दरडावूनच, कारण दरडावलं नसतं तर आवाज फुटला असता. "नळी सडकी होती. उद्या कळेल. तोवर रडायचं नाही." मनी रडली नाही. बाटलीतलं पातळ औषध तिनं तळहातावर घेतलं आणि एकेक बोट चोळू लागली.

दुरुस्तीवाल्यानं बेसिनखालची वाकडी नळी सोडवली तेव्हा आतून करड्या शेवाळासारखा गोळा निघाला आणि वासानं सगळ्यांनी तोंडं फिरवली. काकूनं मात्र जुना मित्र भेटल्यासारखी त्यात काडी बुडवली. बेसिन भिंतीतून काढलं, भोक बुजवलं. मग प्रत्येक बाळाचा नमुना घेतला. मनीच्या बाळाचा तिनं स्वतः. आता वाट पाहण्यावाचून काही नव्हतं. घरी मनीचे बाबा येरझारा घालत राहिले आणि ती खुर्चीत बसून, डोळे मिटून, कुठल्या कुठे भटकत राहिली. तिला आठवलं, विद्यार्थ्यांना ती नेहमी सांगायची, की उड्या मारणारे जनुक फक्त जंतूंत नाहीत, आपल्यातही आहेत. आपल्या वारशाचा जवळजवळ अर्धा भाग असल्या उडाणटप्पूंचा आणि त्यांच्या मागे राहिलेल्या अवशेषांचाच आहे. बरेचसे निजलेले, काही उपद्रवी, आणि काही असे की त्यांच्यावाचून चालू नये. आई आणि बाळ यांच्यामधली वार, तिचा जो थर दोघांना सांधतो, तो घडवणारा जनुक मुळात आपला नाहीच. फार फार पूर्वी कुठल्याशा विषाणूबरोबर तो बाहेरून आला, घुसला, राहिला, आणि आता त्याच्याशिवाय कुणी आईच्या पोटात टिकत नाही. हे ती वर्गात हातवारे करून सांगायची, पोरं लिहून घ्यायची. स्वतःला तिनं ते कधी सांगितलं नव्हतं. बाहेरून आलेलं सगळंच पाहुणं नसतं. काही येतं आणि घर होऊन जातं. या विचारानं तिला इतकं बरं वाटलं की खुर्चीतच तिचा डोळा लागला.

दुसऱ्या दिवशी ती थाळ्यांसमोर उभी राहिली. नळीतल्या गोळ्यातून एक तिसराच जंतू निघाला होता, सांडपाण्यात राहणारा, सहसा कुणाच्या वाटेला न जाणारा गरीब जीव. आणि त्याच्या थाळीवर त्याच फुकट गेलेल्या टिकल्या, तीच ओढलेली कड. जनुक शोधणाऱ्या यंत्रानंही तेच सांगितलं: तिघांतही एकच जनुक. हाच तो ढवळ्या. सहायिकेनं टाळी वाजवली. काकूनं तिला हातानं गप्प केलं आणि कोपऱ्यातली थाळी ओढली, जिच्याकडे तिनं अजून पाहिलं नव्हतं. मनीच्या बाळाची. तीत जंतू होते, कुठल्या बाळात नसतात? पण प्रत्येक टिकलीभोवती बांगडीसारखं पूर्ण वर्तुळ होतं, स्वच्छ, कुठेही दबलेलं नाही. तिनं थाळी फिरवून फिरवून पाहिली. मग स्टुलावर बसली आणि, ती रडूबाई नव्हती तरी, रडली. सहायिकेनं तेवढा वेळ खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं पाहिलं.

ज्या बाळाचं खरं नव्हतं, त्याला दोन जुनी, अडगळीत पडलेली औषधं एकत्र चालतील असं काकूच्याच थाळीनं सांगितलं होतं, ती चालली. पुढे कुणी नवं आजारी पडलं नाही. बाळं मांडीवर घेण्याजोगी झाली तशी ती पलीकडच्या खोलीत हलवली गेली, जिथे बेसिन दाराबाहेर आणि आत फक्त बाटल्या. तिथली नर्स नवीन होती, बोलकी. मनीनं बाटलीतलं औषध हातावर घेतलं, एकेक बोट मुठीत धरून चोळलं, आणि मग दोन्ही हात खाली नेऊन दोनदा झटकले. झटकायला पाणी नव्हतंच. औषध आपोआप वाळतं. तरी झटकले. शेजारी काकूनंही तेच केलं, त्याच क्षणी, आणि दोघींची मनगटं एकदमच कपाळाकडे गेली.

नर्स खळखळून हसली. "मायलेकी ना? सांगायलाच नको. हात धुण्यावरूनच कळतंय."

काकूनं सवयीनं तोंड उघडलं. "नाही हो, मी तिची..."

"काकू, गप्प बस ना जरा," मनी म्हणाली.

"काकू?" नर्स गोंधळली.

"आमच्यात आईला काकूच म्हणतात," मनीनं सांगितलं, गणितातली चूक दाखवावी अशा आवाजात, आणि पेटीतून बाळ उचलून काकूच्या हातात दिलं.